चिमूटभर सुंठवडा

१९ एप्रिल २०००, बुधवार

काल पहाटे चारला उठलो. आंघोळ, जप. हनुमान जयंती. सौ. म्हणाली, चिऊला उठवू नका, झोपू द्या. पण चिऊ आधीच उठून बसलेली, फ्रॉक उलटा घालून. तिला खांद्यावर घेऊन गल्लीतल्या मारुतीला गेलो. सूर्योदयाला जन्म झाला. घंटा, फुलं. मग गुरव सुंठवडा वाटायला लागला. पोरांची रांग लागली, तीत चिऊपण उभी राहिली. मी खांबाला टेकून बघत होतो. तिची पाळी आली तसा तिने उजवा हात पुढे केला, खाली डावा धरला, मी धरतो तसा. आणि मग स्वतःच मागे घेतला. गुरवाला म्हणाली, "मला नको. मला होतं."

साडेचार वर्षांची पोर.

मी पुढे झालो. विचारलं, यात दूध आहे? "नाय हो रावसाहेब, कोरडा हाय." दाणा? "दाणा कशाला घालू सुंठवड्यात? सुंठ, साखर. जन्माचा प्रसाद हाय, काय होत नाय." दूध, दाणा, अंडं ही तीनच तिला बाधतात. आजवर तरी तीनच. चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवला. तिने जिभेच्या टोकाने एक एक कण उचलला. इतका वेळ लावून काही खाताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

घरचा नियम आहे की आईच्या हातचं नसेल ते तोंडात घालायचं नाही. येताना वाटेत तिला म्हणालो, "आईला सांगायचं नाही बरं का."

सव्वासातला सौ. बालवाडीवर गेली. चिऊ रोजच्यासारखी वर गोदाकाकूंकडे. मी ड्यूटीला निघायच्या तयारीत, सायकलमध्ये हवा भरत होतो. पाऊण तासही झाला नसेल, काकू जिन्यातून ओरडल्या, "भाऊ, पोरगी बघा!"

ओठ सुजलेले, अंगभर गांध्या, श्वासाला शिट्टी. रिक्षा केली, काकूही बरोबर आल्या. होळकर पुलावर ट्रॅक्टर आडवा, दहा मिनिटं हलता येईना. चिऊ माझ्या छातीशी. मी नाव घेत होतो. कुणाचं घेतलं ते आठवत नाही.

डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांनी शिट्टी थांबली. तोवर सौ. धावत आली, पायात एकच चप्पल. डॉ. विचारायला लागले, काय खाल्लं? मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "मी दिलं. डब्यातली भाकरी खाईना, म्हणून माझ्यातलं अर्धं थालीपीठ दिलं. चूक झाली डॉक्टर."

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे बघितलं. "सकाळपासून आणखी काही? बाहेरचं?"

सौ. म्हणाली, नाही.

मीही नाही म्हणालो.

२० एप्रिल, गुरुवार

चिऊ घरी. ओठ उतरलेत. डोळ्यांखाली अजून सूज.

डॉ. चं म्हणणं, भाजणीत सात-आठ धान्यं. त्यातलं कुठलं उलटलं ते कळत नाही. रोज खाते ते धान्यही एखाद्या दिवशी अंगावर येऊ शकतं. तेव्हा गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद सगळं बंद. फक्त भात, मुगाचं वरण, दुधी, भोपळा. मग एकेक परत सुरू करायचं. "आणि यापुढे पोरगी नजरेआड करू नका. पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही."

संध्याकाळी काकू खाली आल्या. दारातच उभ्या. सौ. पोळपाट धूत होती, पाठ वळवली नाही. म्हणाली, "काकू, मी तुम्हाला डबा देत होते ना? रोज देत होते ना?" काकू म्हणाल्या, "हो गं बाई." एवढंच. आल्या तशा वर गेल्या.

चार वर्षं काकूंनी पोर सांभाळली. स्वतःचं कुणी नाही, मनमाडला एक भाचा. पहिली पावलं चिऊने वरच्या गच्चीवर टाकली, आमच्याआधी काकूंनी बघितली.

मी सांगायला हवं होतं. तेव्हाच. आता दोन दिवस झाले. उद्या तीन होतील.

२२ एप्रिल, शनिवार

देवळात गेलो. गर्दी नव्हती. गुरवाला सहज विचारल्यासारखं विचारलं, परवा सुंठवड्यात काय काय होतं?

"सुंठ, साखर, खोबरं, खसखस, तीळ. औंदा खोबरं कमी पडलं, तीळ सढळ घातले. का हो, कमी गोड झाला व्हता?"

म्हणालो, नाही, चांगला झाला होता.

खोबरं तिच्या भाजीत रोज असतं. सुंठ सर्दीला देतो. राहिले तीळ आणि खसखस. ही दोन तिला कधी दिलेलीच नाहीत. संक्रांतीच्या लाडवात दाणे असतात म्हणून तिळगूळ घरात येऊच दिला नाही आम्ही.

म्हणजे मला माहीत आहे. सगळ्या नाशकात मला एकट्याला.

लग्नानंतर अठरा वर्षांनी ही पोर झाली. याच मारुतीपुढे मागितली होती. त्याच्या प्रसादाने तिचा श्वास कोंडला हे तोंडाने कसं म्हणू? म्हटलं तर ते त्याच्यावर जातं. माळ घेतली, अर्धीच झाली.

२७ एप्रिल, गुरुवार

सौ. ने बालवाडी सोडली. राजीनामा लिहून माझ्याकडे दिला, "शुद्धलेखन बघा." नऊ वर्षांची नोकरी. दोन चुका होत्या, दुरुस्त केल्या.

म्हणाली, आता कुणावर टाकायची नाही मला पोर.

८ मे, सोमवार

कालव्याला पाण्याचं आवर्तन चालू. दिवसभर पाटावर. चौथ्या चारीवर दोघांची पाळीवरून भांडणं, एकाने फावडं उगारलं. मी मध्ये पडलो. साळवे ऑफिसात म्हणतो, "कालवा निरीक्षक साहेब, तुम्ही पंचवटीचे संत, तुम्हाला कोण मारणार?" सगळे हसले. मीही.

घरी आलो तर चिऊ बाहुलीला जेवायला घालत होती. ठिकरीवर माती. आधी बाहुलीला विचारते, "यात दूध नाही ना? दाणा नाही ना?" मग स्वतःच उत्तर देते, "नाय हो रावसाहेब."

सौ. हसली. "हे कुठून शिकली?"

चिऊने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग बाहुलीचं तोंड पुसायला लागली.

१४ मे, रविवार

वजन १२ किलो ८००. महिन्यापूर्वी १३ किलो २०० होतं.

भात, वरण, दुधी. भात, वरण, भोपळा. आज तिने ताट सरकवलं. "आई, मला पाणी चालतं ना? मग नुसतं पाणी दे."

२१ मे, रविवार

गावाकडच्या लग्नाला मी एकटा गेलो, लासलगावच्या पुढे. थोरल्या बहिणीने विचारलं, पोर का नाही आणली? सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आपण काय खात नव्हतो? हावरटासारखं बांधावरचं खायचो. हे शहराचं पाणी लागलंय तुमच्या पोरीला." मग पंगतीत माझ्या पानात बुंदी वाढताना हळूच विचारलं, "वाचेल ना रे?"

मी म्हणालो, देवाची कृपा.

बुंदी खाल्ली नाही.

१ जून, गुरुवार

डॉ. नी गहू चालू करायला सांगितला. चतकोर पोळी. सौ. ने तिला मांडीवर घेऊन घास घास दिला, घड्याळ समोर ठेवून. दोन तास काही नाही. चिऊ खूश. "पोळी! पोळी!" म्हणून घरभर नाचली.

२ जून, शुक्रवार

सकाळी तिच्या मानेवर बारीक पुरळ. उकाडा इतका आहे की माझ्याही पाठीवर आहे, घामोळंच आहे ते. मी तसं म्हणालो. सौ. म्हणाली, "तुम्हाला खात्री आहे? लिहून द्याल?"

गहू बंद.

मला खात्री होती. का होती ते सांगता येत नव्हतं.

१२ जून, सोमवार

शाळा सुरू झाल्या. शिशुवर्गात नाव घातलं होतं, सौ. ने काढून आणलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. डब्यांतलं पोरं एकमेकांना देतात, बाई तरी किती लक्ष ठेवणार?

गणवेश शिवून आला होता. चिऊ तो घालून दिवसभर दारात बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मी शाळेत जाणार नाही."

२५ जून, रविवार

वजन १२ किलो २००. हातांच्या काड्या झाल्यात. परकर बांधायला सौ. ला नाडी दोनदा गुंडाळावी लागते.

आज धीर करून विषय काढला. सरळ नाही, आडून. म्हणालो, "त्या दिवशी देवळात कुणी तिला काही दिलं असेल का गं?"

सौ. ने हातातलं काम ठेवलं. "तुम्ही होतात ना बरोबर?"

"होतो."

"मग?"

मी म्हणालो, नाही, तसं नाही, आपलं सुचलं. ती परत तांदूळ निवडायला लागली. दार उघडलं होतं. मीच लावून घेतलं.

देवावर जाऊ नये म्हणून गप्प आहे असं इथे लिहिलं होतं. आज ते पान परत वाचलं.

८ जुलै, शनिवार

ऑफिसातून परस्पर दवाखान्यात गेलो. ठरवून. डॉक्टरांना एकट्यात सांगायचं, ते सौ. ला काय सांगायचं ते सांगतील. नंबर चौदा. बाकावर बसलो. शेजारी एक बाई तान्ह्याला घेऊन, हरसूलकडची. दोन एस.ट्या बदलून आलेली. म्हणाली, "तुमचा पोर कुठं हाय?" म्हणालो, घरी आहे. "मंग तुमी कशाला आले?"

बारा नंबर चालू असताना उठलो. बाहेर पानवाल्याकडे पाणी प्यालो. परत गेलो नाही.

१४ जुलै, शुक्रवार

तिघं दवाखान्यात. वजन १२ किलो. डॉ. चा चेहरा उतरला. दूध नाही, धान्य नाही, हाडं कशी धरतील? गहू इतक्यात नको, वहिनी घाबरल्या आहेत, पण काहीतरी द्यायलाच हवं. चिठ्ठीवर लिहून दिलं. नाचणी. तीळ.

"तिळात भरपूर चुना असतो. दुधाची भरपाई होईल. भाजून, गुळात कुटून, रोज एक छोटा लाडू."

सौ. ने चिठ्ठी दोनदा वाचली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जीव आला. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. डॉ. नी मलाही विचारलं, "काही शंका?"

खसखशीनेही झालं असेल. तीळच कशावरून? रिक्षात पूर्ण वेळ हेच म्हणत होतो मनात. खसखशीनेच झालं असेल.

१६ जुलै, रविवार

सौ. ने पाव किलो तीळ आणले. धुतले, आज ऊन होतं म्हणून गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळत घातले. चिऊला म्हणाली, "उद्या लाडू." चिऊने विचारलं, "माझा? माझा एकटीचा?"

दुपारी सौ. आडवी झाली. मी गच्चीवर गेलो. कोपऱ्यांवरचे दगड काढले, वर्तमानपत्राच्या दोन कडा धरल्या आणि सगळे तीळ मागच्या गटारात झटकले. कागद तिथेच चुरगळून टाकला.

खाली येताना काकूंच्या दारावरून आलो. दार उघडं होतं. त्या देवापुढे वाती वळत होत्या. वर बघितलं नाही.

चार वाजता सौ. वर गेली, परत आली. म्हणालो, कबुतरं असतील, वारा असेल. ती म्हणाली, "वाऱ्याने चार कोपऱ्यांचे दगड उचलले?" मग आवाज खाली करून, "वरच्यांनीच लोटले. माझ्याशी बोलत नाहीत ना, म्हणून. पोरीच्या तोंडचा घास."

मी म्हणालो, काकू असं करणार नाहीत.

"मग कोण करेल? तुम्ही?"

जिन्यात जाऊन ती मोठ्याने बोलली. गल्लीला ऐकू जाईल असं. वरून दार लावल्याचा आवाज आला फक्त.

संध्याकाळचा जप केला नाही. बसवेना तिथे.

१९ जुलै, बुधवार

काकूंचा भाचा आला, रेल्वेत आहे. काकू मनमाडला कायमच्या जाणार. मी वर गेलो. ट्रंक भरत होत्या. म्हणालो, काकू, कशाला जाता?

"कशाला राहू भाऊ? माझा हातच वाईट. त्या दिवसापासून भाजणीचा डबा उघडला नाही मी, रस्त्यावरच्या गाईला घातली सगळी. आठवून आठवून थकले, काय पडलं असेल त्यात. चाळण नीट धुतली नव्हती का? गिरणीत आधी कुणाचं दळण होतं? काही आठवत नाही बघा."

मी चौकटीला धरून उभा होतो.

"आणि तिळाचं मी नाही केलं. तुमच्या सुमनला सांगा. मानो न मानो."

म्हणालो, माहीत आहे मला.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. भाचा मागून म्हणाला, "मावशी, ही पातेली घ्यायची का ठेवायची?" त्या वळल्या.

मी खाली आलो.

२३ जुलै, रविवार

काकू गेल्या. सौ. आत होती, बाहेर आली नाही. चिऊ टांग्यामागे कोपऱ्यापर्यंत पळाली. मी आणायला गेलो तर धापा टाकत होती. पूर्वी अख्खी गल्ली पळायची.

कडेवर घेतलं. वजन असं लागलंच नाही हाताला. कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, ते अजून सांगायचं नाही?"

मी विचारलं, काय?

"तेच. मारुतीचं."

तीन महिने. दुधी नको म्हणून रडली, पोळीसाठी रडली, शाळेसाठी रडली. एकदाही बोलली नाही. मी सांगितलं होतं म्हणून.

२९ जुलै, शनिवार

सकाळी देवळात न जाता घरीच होतो. सौ. ने परवा परत तीळ आणले होते, मला न दाखवता. डब्यात, फळीच्या मागे. या वेळी गच्चीवर घातलेच नाहीत. मी आंघोळीहून आलो तेव्हा खलबत्त्याचा आवाज येत होता आणि घरभर भाजल्या तिळांचा वास. चिऊ पाटावर बसलेली, पुढे वाटी घेऊन. सौ. ने सुपारीएवढा लाडू वळला होता. घड्याळ शेजारी ठेवलं होतं, गव्हाच्या वेळी ठेवलं होतं तसं.

मी म्हणालो, "नको देऊ."

"आता तुमचं काय? डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"तो खाली ठेव. आधी हात धू. मग ऐक."

तिने काय ऐकलं माझ्या आवाजात कोण जाणे, पण ठेवला. हात धुतले. मी उभ्या उभ्या सांगितलं. हनुमान जयंतीची सकाळ, चिमूटभर सुंठवडा, गुरवाने सांगितलेली यादी. डॉक्टरांपुढे नाही म्हणालो ते. गच्चीवरचे तीळ मी गटारात टाकले ते. मध्ये मध्ये मी म्हणत होतो, प्रसाद होता गं, मारुतीचा, माझ्या मनात होतं की त्याच्या नावाचं...

सौ. म्हणाली, "देवाला मध्ये आणू नका. हात तुमचा होता."

स्टोव्ह चालू होता, तो तिने बंद केला. ती लाडवाकडे बघत होती. म्हणाली, "मी आता हा दिला असता. माझ्या हाताने." दोनदा म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

चिऊ पाटावरून उठली. "बाबा, सांगितलं?"

"सांगितलं."

"मग आता मी बोलू?" आणि आईला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. रांग कशी होती, गुरवाचा हात कसा होता, ते कसं लागलं जिभेला. "तिखट-गोड लागलं आई. मग घशात मुंग्या आल्या." हे घशाचं मलाही माहीत नव्हतं. काकूंच्या थालिपिठाच्या आधीच आल्या होत्या. ते तिने काकूंनाही सांगितलं नाही.

सौ. ने तिला जवळ ओढलं. माझ्याकडे बघितलं नाही.

तीळ मी उचलले, कागदात बांधले. खलबत्ता तिने तीनदा धुतला. मी धुवायला हात पुढे केला तर म्हणाली, "तुम्ही नका."

३१ जुलै, सोमवार

रजा टाकली. तिघं डॉक्टरांकडे. सांगणं मीच केलं. डॉ. नी पेन खाली ठेवलं.

"आणि मी तीळ लिहून दिले!"

चिऊच्या फाइलवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं, तीळ, खसखस बंद. गहू आजपासून. आठ दिवसांनी ज्वारी. मग बाकीची, एकेक. भाजणी सगळ्यात शेवटी. सौ. ला इंजेक्शन भरायला शिकवलं, आधी संत्र्यावर. मला म्हणाले, तुम्हीही शिका. तिसऱ्यांदा जमलं.

निघताना चिऊला विचारलं, "काय खाणार आज?" ती म्हणाली, "पोळी. पण आधी आईला विचारा."

२ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पोळी. अंगावर काही नाही.

सौ. माझ्याशी चिऊपुरतं बोलते. जेवायला वाढते. पानात मीठ विसरली होती, मागितलं नाही.

देवळात गेलो. मारुतीपुढे बसलो. काही मागितलं नाही, काही म्हटलंही नाही. गुरवाने हातावर साखर ठेवली. तिथेच खाल्ली, घरी नेली नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

सौ. स्वतःहून बोलली. पोळ्या लाटता लाटता. "काकूंना पत्र टाकलंत का?"

म्हणालो, लिहायला बसलो होतो दोनदा.

"पत्र नको. जा. मलाही यायचंय, जिन्यात मी बोलले ते माझं मला निस्तरायचंय. पण आधी तुम्ही एकटे जा. आणि सगळं सांगा. तुम्हाला बरं वाटेल तेवढंच नाही, सगळं."

६ ऑगस्ट, रविवार. मनमाड स्टेशन

सकाळच्या पॅसेंजरने आलो. भाच्याचं क्वार्टर रुळांपलीकडे, शोधायला वेळ लागला. काकू ओट्यावर सुपात मेथी निवडत होत्या. मला बघून आधी पदर सावरला, मग चेहरा पांढरा पडला. "चिऊ?"

"बरी आहे. पोळी खाते आता."

बसायला सांगितलं. बसलो नाही, बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो. उभ्यानेच सांगितलं. तुमच्या थालिपिठाने काही झालं नाही काकू. मी सुंठवडा दिला होता. तीळ होते त्यात. डॉक्टरांपुढे तुम्ही स्वतःवर घेतलंत तेव्हा मी शेजारी होतो. गच्चीवरचे तीळ मी टाकले. तुम्ही ट्रंक भरत होतात तेव्हाही मला माहीत होतं.

त्यांची बोटं चालूच होती. पान इकडे, काडी तिकडे.

मग ते उरलेलं सांगितलं. चिऊला मी सांगितलं होतं, सांगायचं नाही म्हणून.

तेव्हा हात थांबला.

"पोरीला?"

"हो."

"एवढ्याशा पोरीला ओझं दिलंत तुम्ही?" 

मी मान हलवली. त्या उठल्या. सूप तिथेच राहिलं. आत गेल्या, दार लोटलं. कडी लावली नाही, पण उघडलंही नाही. भाच्याच्या बायकोने चहा आणला, तिला काही माहीत नव्हतं, म्हणाली, "मावशींना बरं नाही का? सकाळी तर चांगल्या होत्या." मी ओट्यावर बसून राहिलो. दोन मालगाड्या गेल्या.

निघायची वेळ झाली तसं दाराशी जाऊन म्हणालो, काकू, येतो.

चपला घातल्या. मग आतून आवाज आला, "वजन किती आता?"

"बारा किलो तीनशे."

थोडा उभा राहिलो, मग चालत स्टेशनवर आलो.

सौ. विचारेल, सगळं सांगितलंत? तिला हो म्हणता येईल. आणखी काय विचारेल, माहीत नाही.

गाडी लेट आहे.